जबाबदार व्यक्ती

"लहानपणी तू कुठे झोपायचीस?"

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी यवतमाळहून समाजकार्याची पदवी घेऊन पुण्यात आले होते. फाइलमध्ये प्रमाणपत्रं होती, बालहक्कांची कलमं तोंडपाठ होती, आणि टेबलापलीकडच्या साठीतल्या बाईंना माझ्या अंथरुणाशी काम होतं.

"आधी आईजवळ," मी म्हटलं. "धाकटा भाऊ झाल्यावर आत्याजवळ. आत्याचं लग्न झालं तेव्हा शेजारच्या काकूंकडे. त्यांच्याकडे कूलर होता."

"काकू नात्यातल्या?"

"नाही. भिंतीपलीकडच्या."

बाईंनी माझी फाइल न उघडताच परत सरकवली. "सोमवारी ये. यवतमाळची आहेस म्हणजे उन्हाची तक्रार करणार नाहीस. एक कटकट मिटली."

मला वाटलं, पुण्यात नोकऱ्या अशाच देतात. पुढे कळलं की अशा फक्त बाईच देतात.

प्रकल्प मोठा भारदस्त होता. आमचं समाजकार्य महाविद्यालय आणि उत्तरेकडच्या एका थंडगार देशातलं विद्यापीठ यांनी मिळून शोधायचं होतं की, मूल घरात नीट सांभाळलं जातंय की नाही हे ओळखायची एकच रीत दोन्हीकडे चालेल का. त्यासाठी तिकडून शंभरावर प्रश्नांचा फॉर्म आला होता. आम्ही तो मराठीत आणायचा, टॅबलेटवर घ्यायचा आणि घरोघर जाऊन भरायचा. करारावर सह्या झाल्या होत्या, फोटो निघाले होते, पुष्पगुच्छ सुकलेही होते. घरभेटींचं सगळं काम बाईंकडे होतं. सरकारी नोकरीत मुलांच्या चौकश्या करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर महाविद्यालयाने त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं आणि तेव्हापासून महाविद्यालय जरा घाबरूनच होतं.

बाई शनिवार पेठेत एकट्या राहत आणि जुन्या स्कूटरवरून येत. हेल्मेट होतं, पण ते पुढच्या हुकाला लटकलेलं. त्यात मेथीची जुडी, चष्म्याचं घर आणि कधी कधी आमची हजेरीवही असे. कोणी विचारलंच तर म्हणत, "मेथी नाजूक असते."

कुणाच्या घरी जाताना त्या दारातच मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकत. घड्याळाकडे बघणारी बाई आली की लोक पटापट खोटं बोलून मोकळे होतात, असं त्यांचं म्हणणं. आत गेल्यावर आधी पाणी मागत, तहान असो वा नसो, आणि मला कोपराने ढोसत. पाणी कोण आणतं ते बघ, असा त्याचा अर्थ. सून उठते की लेक, नवरा जागचा हलतो की नाही, पेला आधी विसळला की तसाच भरला. मी अर्धा तास टॅबलेटवर जे भरत बसे ते बाईंना पेला हातात येईपर्यंत कळलेलं असे. त्यामुळे भेटींच्या दिवशी बाई दहा-बारा पेले पाणी पीत आणि आमचा निम्मा वेळ त्यांच्यासाठी बरं स्वच्छतागृह शोधण्यात जाई.

दर बुधवारी तिकडच्या मंडळींशी व्हिडिओवर बैठक असे. बाई आधी प्रत्येकाला नावानिशी इंग्रजीत विचारत, "जेवलात का?" आपली दुपार म्हणजे तिकडे सकाळ. कोणी म्हणालं, अजून काही खाल्लं नाही, की बाई बैठक थांबवत. "जा, काहीतरी खाऊन या. आम्ही आहोत." आणि खरंच थांबत. पडद्यावर रिकामी खुर्ची, इकडे बाई मेथी निवडताहेत आणि प्राचार्य छताकडे बघताहेत. पहिल्या महिन्यात ते लोक गोंधळले. दुसऱ्या महिन्यात केळं हातात घेऊनच बसू लागले. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या अहवालाच्या मसुद्यात एक परिच्छेद आला की, भारतीय सहकारी बैठकीच्या आरंभी सहभागींच्या पोषणाची रचनाबद्ध पडताळणी करतात आणि ही पद्धत इतरत्रही अनुकरणीय आहे. मी तो बाईंना मराठीत करून वाचून दाखवला.

"आपण जेवलात का म्हटलं," बाई म्हणाल्या, "की त्यांचं संशोधन होतं. चालू दे."

फॉर्म मराठीत झाला तेव्हा बाईंनी आपला नियम सांगितला. जो प्रश्न दुसऱ्याच्या घरात जाऊन विचारायचा तो आधी स्वतःला विचारायचा. प्राचार्यांपासून सगळ्यांनी आपापल्या बालपणाचा फॉर्म भरायचा. टॅबलेट उत्तरं तपासून शेवटी रंग दाखवत असे. हिरवा म्हणजे मूल सुखरूप, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे मुलाला धोका आहे.

प्राचार्य लाल निघाले. लहानपणी त्यांना स्वतःचा पलंग नव्हता, स्वतःचा टॉवेल नव्हता, आणि 'भावनिक आधार देणारी प्रौढ व्यक्ती' इथे त्यांनी बराच विचार करून गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचं नाव घातलं होतं. मी लाल. टंकलेखिका लाल. एकटे ग्रंथपाल हिरवे निघाले, कारण ते पहिल्या इयत्तेपासून वसतिगृहात वाढले होते. तिथे पलंग होता, टॉवेलवर नंबर होता, झोपेची वेळ ठरलेली होती. आपलं बालपण उत्तम गेलं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

बाईही लालच. 'मुलाला स्वतःची खोली आहे का?' या प्रश्नापुढे शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'छप्पन्नाव्या वर्षी मिळाली. नवरा गेल्यावर.' वाचून आम्ही हसलो आणि मग आपापल्या टॅबलेटमध्ये तोंड घातलं. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी मला तिकडे मेल पाठवायला सांगितली: 'संपूर्ण विभाग बालपणी उपेक्षित आढळला आहे. आम्हाला कुठे दाखल करावे, ते कळवावे.'

उत्तरादाखल तिकडचे प्रमुख प्राध्यापक स्वतःच पुण्यात येऊन थडकले. ताडमाड उंच, मृदू बोलणारे, दाराला डोकं आपटलं तर दाराला सॉरी म्हणणारे. बाई त्यांना पाहुणे म्हणत. पाहुण्यांना घरी बोलावून, समोर शिऱ्याची बशी ठेवून बाईंनी त्यांच्या मुलाचा फॉर्म त्यांच्याकडून भरून घेतला. पाहुणे हिरवेगार निघाले. मग बाईंनी फॉर्ममध्ये नसलेला एक प्रश्न विचारला. "तुमचं मूल घरी एकटं आहे, तापाने फणफणलंय, तुम्ही दोघं बाहेर. ते कुणाचं दार वाजवील?"

पाहुण्यांनी खूप विचार केला. मूल आणीबाणीच्या नंबरवर फोन करील, म्हणाले. काही मिनिटांत गाडी येते.

"आणि शेजारी?"

शेजाऱ्यांना त्रास देणं बरं दिसणार नाही, असं ते म्हणाले.

"अरेरे," म्हणून बाईंनी त्यांना आणखी शिरा वाढला. जाताना पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, अरेरे म्हणजे काय? मी सांगितलं, नोंद झाली.

प्रश्न त्यांना मनापासून पटला होता. पण फॉर्म आता दोन्ही देशांत सुरू होणार होता. बदल करायचे ते पुढच्या टप्प्यात. बाईंनी कुरकुरत मान्य केलं. झालेल्या करारात मात्र एक नवं कलम त्यांनी हट्टाने घालून घेतलं. संशोधन करणाऱ्याने ज्या मुलाचा फॉर्म भरला जातोय त्याची कसलीही जबाबदारी अंगावर घ्यायची नाही. घेतली तर त्या क्षणी प्रकल्पातून बाहेर. पूर्वी एका सर्वेक्षणात कुणीतरी घरबसल्या आपल्याच भाच्यांचे फॉर्म भरून दिले होते आणि बाई ते विसरल्या नव्हत्या. त्याच सुमारास असंही ठरलं की, वर्षअखेरीला बाईंनी तिकडे जाऊन आपलं काम मांडायचं. बासष्टाव्या वर्षी बाईंनी पहिला पासपोर्ट काढला. लक्ष्मी रोडवरून जाड लोकरी कपड्यांचा जोड आणला आणि मे महिन्यात, पंखा पूर्ण वेगात लावून, ऑफिसात अंगात घालून बघितला. घामाने डबडबून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "छान ऊब आहे." इतक्या खूश झालेल्या बाई मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

आणि मग माझ्या हातून ते झालं.

बाईंनी मला पहिल्यांदाच एकटीला बिबवेवाडीत पाठवलं होतं. एका गल्लीत आरती नावाची आठ वर्षांची मुलगी होती. आई वारलेली, वडील कंटेनर घेऊन दक्षिणेत जाणारे ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी. बाकीचे दिवस ही मुलगी पोळ्या करून देणाऱ्या काकूंकडे जेवायची, शिवणकाम करणाऱ्या ताईच्या मशीनशेजारी बसून अभ्यास करायची आणि दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका मावशींकडे झोपायची. तिघी एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्या, मुलीच्या तर नव्हत्याच. मुलगी गुटगुटीत होती आणि पाढे माझ्यापेक्षा लवकर म्हणत होती.

टॅबलेटवर 'मुलाची जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. मी तीन नावं घातली. टॅबलेट म्हणाला, एकच. वडिलांचं चालेना, ते रोज घरी नसतात. काकूंचं घातलं, तर विचारतो, मूल याच व्यक्तीकडे झोपतं का? नाही म्हटलं की मागे. मावशींचं घातलं, तर हीच व्यक्ती जेवू घालते का? पुन्हा मागे. मी वीस मिनिटं त्या पानावर पुढे-मागे करत होते, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं, ज्याची तक्रार करायची मला सोय नव्हती. यादीच्या तळाशी एक पर्याय होता, 'कोणी नाही'. पुढच्या पानावर खुलासा लिहायला जागा असेल, अशा समजुतीने मी तो दाबला.

पुढच्या पानावर जागा नव्हती. पडदा लाल झाला. आणि करारात ठरल्याप्रमाणे लाल मुलाची खबर आपोआप बालकल्याण समितीकडे गेली. अशा मुलांनी कुठे राहायचं याचा हुकूम काढायचा अधिकार या समितीकडे असतो.

चार दिवसांनी समितीचं पत्र आलं. मुलीची जबाबदारी घेणारं कोणी नसल्याने तिला बालगृहात ठेवण्याचे योजिले आहे, संबंधितांनी हजर राहावे. माझ्या एका बोटाने एक मुलगी तीन घरांतून उठून जाणार होती. मला अन्न गोड लागेना. मी बाईंपुढे उभी राहून रडत रडत सगळं सांगितलं.

"झालं रडून?" बाई म्हणाल्या. "आता तोंड धू. रडून आलेली कार्यकर्ती बघितली की समितीला वाटतं, आपलंच बरोबर आहे."

त्या एवढंच बोलल्या. तुझी चूक झाली, असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत आणि नंतरही कधी नाही. त्यांनी एकदा रागवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

आम्ही गल्लीत गेलो. मावशींना पत्राचा अर्थ कळला तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उचलून न्यायला ती काय कुंडी हाय व्हय?" बाईंनी तिघींना सांगितलं, समितीपुढे या, विचारतील ते खरं सांगा, आणि भांडायचंच असलं तर तिथे भांडा.

हे शेवटचं सांगायची गरज नव्हती.

सुनावणीला समितीचे अध्यक्ष, दोन सदस्य आणि एक कारकून होते. आरती काकूंच्या मांडीला चिकटून उभी. वडील टोपीची गुंडाळी करत. पाहुणे अजून पुण्यातच होते, अध्यक्षांच्या परवानगीने तेही मागच्या खुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्या कानाशी इंग्रजी करत होते.

"मुलीला कोण सांभाळतं?" अध्यक्षांनी वडिलांना विचारलं.

"समदी बघत्यात, साहेब."

"सगळे बघतात म्हणजे कोणीच बघत नाही. मला एक नाव सांगा."

वडील तिघींकडे आळीपाळीने बघू लागले. काकू पुढे झाल्या. "माझं लिवा, साहेब. जेवती माझ्याकडं."

"आणि शाळेतल्या बाई बोलावतात तेव्हा कोण जातं?" ताई म्हणाली. "मागच्या महिन्यात उवा झाल्या होत्या, चार दिवस कोण बसलं होतं फणी घेऊन?"

"चार दिस? तीन!" मावशी मध्ये पडल्या. "आन् झोपंत लाथा कोण खातंय? ही बघा बरगडी. लिवा, ह्या जेवू घालणारीचंच लिवा नाव. मग उद्यापासनं झोपायलाबी हिच्याकडंच धाडा."

काकू मागे सरकल्या. ताईने तोंड फिरवलं. पाहुणे मला विचारत होते, काय म्हणाल्या, आणि मला काही सांगता येईना, कारण एकीचं नाव घालून मुलगी वाचणार नव्हती हे मला तेव्हाच दिसलं.

बाई उठल्या. "साहेब, आपण एकीचं नाव घातलंत की बाकीच्या दोघी उद्यापासून पाहुण्या. सणावाराला येतील, खाऊ देतील आणि जातील. आज ही मुलगी तिघींची आहे ती कुणा एकीची नाही म्हणूनच."

"बाई, मला पटतंय. पण हुकमात रकाना एकच आहे. पुण्यात राहणारी एक जबाबदार व्यक्ती मला लिहावीच लागेल. नाही तर बालगृह."

"मग माझं लिहा," बाई म्हणाल्या. "मी या गल्लीतली नाही. माझं नाव आलं म्हणून कुणाचं काही जाणार नाही."

मी पाहुण्यांना सांगितलं तसे ते उठून उभे राहिले. बाईंजवळ जाऊन, अगदी हळू, त्यांनी करारातल्या कलमाची आठवण करून दिली. ही सही केलीत तर प्रकल्पात राहता येणार नाही, तिकडे येताही येणार नाही. त्यांचा चेहरा पडला होता.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "ते कलम मीच घालायला लावलं." आणि कारकुनाकडे वळल्या, "अहो, पेन देता का? की तेही आम्हीच आणायचं?"

बाहेर व्हरांड्यात आरतीने बाईंचा पदर ओढला. "म्हणजे आता मी तुमच्याकडं राहायचं?"

"छे गं. माझ्याकडे कशाला? तुझं जिथे आहे तिथेच. मी सहीपुरती."

महिनाभरात बाईंना अतिशय सभ्य भाषेतलं पत्र आलं आणि त्या प्रकल्पातून गेल्या. त्यांच्या जागी तिकडे मी गेले, अंगात त्यांचेच लोकरी कपडे, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. तिथल्या सभेत मी ही सगळी हकीकत सांगितली. पुढच्या टप्प्यात फॉर्मच्या त्या रकान्यात एका नावाऐवजी हवी तितकी नावं घालायची सोय झाली आणि त्यावर मोठा शोधनिबंध निघाला. त्यात बाईंचं नाव कुठेच नाही. मला त्याचा संताप आला होता आणि अजून येतो. बाईंना अंक दाखवला तर म्हणाल्या, "बरं झालं. पेठेत कुणाचं नाव छापून आलं की लोक आधी वय बघतात."

सहीपुरत्या बाई मग दर गुरुवारी बिबवेवाडीला जाऊ लागल्या. गल्लीत त्यांचं नाव पडलं 'सहीवाल्या बाई'. आरतीचं गणित, काकूंचं गुडघ्याचं दुखणं, ताईच्या मशीनचा पट्टा, मावशींचं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी चाललेलं भांडण, सगळ्यात त्या असत. हुकमाप्रमाणे वर्षातून एकदा समितीपुढे जाऊन मुलीचं नीट चाललंय हे सांगायचं असे. खळीची सुती साडी नेसून बाई न चुकता हजर असत आणि दर वर्षी त्याच कारकुनाकडे पेन मागत.

सात वर्षं झाली याला. आरती आता दहावीत आहे. यंदा समितीपुढे बाई आल्या नाहीत. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी आरतीला घेऊन गेले. काकू, ताई, मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. आतले अध्यक्ष नवीन होते. त्यांनी फाइल चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जबाबदार व्यक्ती म्हणून ज्यांची सही आहे त्या कुठे आहेत? त्याच गैरहजर असतील तर मी हा हुकूम पुढे चालू कसा ठेवू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आरतीच बोलली.

"सर, त्या पडल्यात. चालता येत नाही त्यांना. मी रोज सकाळी स्वारगेटवरून बस बदलून त्यांच्याकडं जाते, त्यांचं आंघोळपाणी करते आणि तिथूनच शाळेला जाते. संध्याकाळी काकूंचा डबा घेऊन परत जाते."

"अगं, पण तुझं बघायला कोण आहे?"

"मला खूप जणी आहेत, सर. बाहेर बसल्यात बघा. पप्पा पण आहेत." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बाईंना मी एकटीच आहे. आज सकाळी जाता आलं नाही, त्यांची गोळी राहिलीय. तुम्ही जरा लवकर सही करता का?"

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग फाइलकडे, आणि सही केली. ती तो कागद माझ्या हातात कोंबून पळाली. बाहेर बाकावरच्या तिघी उठून उभ्या राहिल्या होत्या, त्यांना काय झालं ते सांगायलाही ती थांबली नाही.